अतिदक्षता विभागातील दुसरा आजार



स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर भल्या पहाटे कोणी उभे राहिले, तर साताऱ्याकडून, सोलापूरकडून, भोरकडून आलेल्या गाड्यांतून उतरणाऱ्यांत एक वर्ग चटकन ओळखू येतो. हातात जेवणाचा डबा, काखेत घडी घातलेली सोलापुरी चादर आणि चेहऱ्यावर रात्रभराचे जागरण. कोणाचे वडील, कोणाची सून, कोणाचा धाकटा भाऊ पुण्यातील एखाद्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात असतो आणि ही मंडळी पाळी बदलायला आलेली असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो आली, रुग्णालयांच्या इमारतीही उंच झाल्या. डबा आणि चादर मात्र तीच आहे. ती चादर रात्री गाडीच्या आसनावर असते, दुपारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात अंथरलेली असते आणि संध्याकाळी माया म्हणून रुग्णाच्या पायांवर घातली जाते. आजचा विषय त्या चादरीपासून सुरू होतो.

रुग्णालयात दाखल होताना जो आजार शरीरात नव्हता, ज्याची बीजेही तेव्हा शरीरात नव्हती आणि जो दाखल झाल्यानंतर साधारणतः ४८ तासांनी किंवा त्याहून उशिरा प्रकट होतो, त्याला वैद्यकशास्त्र रुग्णालयजन्य जंतुसंसर्ग म्हणते. घरच्या भाषेत तो दुसरा आजार. माणूस पहिल्या आजारासाठी भरती होतो आणि पुष्कळदा दुसऱ्याने खंगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, श्रीमंत देशांतील रुग्णालयांत दाखल होणाऱ्या शंभर रुग्णांपैकी सातजणांना आणि मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत शंभरांपैकी पंधराजणांना असा किमान एक संसर्ग होतो. ज्यांना तो होतो, त्यांच्यापैकी दहातील एकाचा मृत्यू होतो. अतिदक्षता विभागात हे प्रमाण याहून पुष्कळ अधिक असते. याच अहवालात असेही म्हटले आहे, की योग्य दक्षता घेतल्यास यांतील ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग टाळता येतात.

ही गोष्ट नवीन नाही. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४६ साली प्रसूतीच्या एका विभागात शंभरातील सुमारे अकरा माता दगावत होत्या आणि शेजारच्या, सुइणींनी चालवलेल्या विभागात त्यांची संख्या पुष्कळ कमी होती. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरांच्या लक्षात आले, की पहिल्या विभागातील डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीगृहात येतात. त्यांनी १८४७ मध्ये सर्वांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. पुढच्याच वर्षी मृत्यूंचे प्रमाण शंभरात दीडच्याही आत आले. जंतू हे रोगाचे कारण असतात हे तोवर सिद्ध व्हायचे होते. सेमेलवाइस यांचे म्हणणे त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र अपमानास्पद वाटले; सभ्य गृहस्थाचे हात अस्वच्छ कसे असतील, असा त्यांचा प्रश्न होता. १८६५ मध्ये मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला, तोही जखमेतील जंतुसंसर्गानेच.

पुण्याला तर या विषयाचा अभिमान आणि दुःख दोन्ही आहेत. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा केली. त्या सेवेतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. संसर्ग रुग्णाकडून सेवकाकडे जातो, हे या शहराने तेव्हा पाहिले. सेवकाच्या हातून तो एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो, ही उलटी वाट मात्र आजही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

अतिदक्षता विभागातच हा धोका एवढा का? त्या विभागाचा जन्मच मुळी नळीतून झाला. कोपनहेगन येथे १९५२ साली पोलिओची मोठी साथ आली. श्वास घेऊ न शकणाऱ्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने हवा देण्याची पद्धत ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांनी सुरू केली आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिशव्या दाबून ते प्राण राखले. त्यातूनच पुढील वर्षी जगातील पहिला अतिदक्षता विभाग उभा राहिला. आजही गंभीर रुग्णाच्या शरीरात बहुधा तीन नळ्या असतात. एक श्वासनलिकेत, कृत्रिम श्वसनयंत्रासाठी. दुसरी मानेतील वा छातीतील मोठ्या शिरेत, जिला डॉक्टर ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात. आणि तिसरी मूत्राशयात. या तिन्ही प्राण वाचवतात आणि तिन्ही निसर्गाने घातलेली कुंपणे मोडतात. त्वचा, घशाची चाळणी, खोकल्याची ताकद ही शरीराची दारे-खिडक्या आहेत. नळी म्हणजे त्या दारात अडकवलेला पाय. दार पुरते बंद होतच नाही. शिवाय नळीच्या आतील पृष्ठभागावर जंतू चिकट थर करून राहतात आणि त्या थराआड औषधही नीट पोहोचत नाही.

भारतातील परिस्थितीचा अंदाज यावा म्हणून एक आकडा पुरेसा आहे. देशातील २६ रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात पद्धतशीर नोंदी ठेवण्यात आल्या. सेंट्रल लाइनचे रक्तातील संसर्ग दर हजार लाइन-दिवसांमागे ९.४ आढळले, तर मूत्रनलिकेचे संसर्ग दर हजार दिवसांमागे ३.४. व्यापाऱ्याला हा हिशेब कठीण नाही. दहा खाटांचा विभाग आहे आणि प्रत्येक रुग्णाला अशी नळी आहे असे धरले, तर शंभर दिवसांत हजार लाइन-दिवस भरतात. म्हणजे सव्वातीन महिन्यांत नऊ माणसांच्या रक्तात जंतू. अमेरिकेत हाच आकडा एकच्या आसपास असतो.

तेथे तो पूर्वी एवढा कमी नव्हता. तो कसा उतरला, ही हकिगत सविस्तर सांगण्याजोगी आहे. मिशिगन राज्यातील शंभरावर अतिदक्षता विभागांत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. पाच गोष्टींची एक यादी. नळी घालण्यापूर्वी हात धुवावेत. टोपी, मुखपट्टी, निर्जंतुक अंगरखा, हातमोजे आणि रुग्णाच्या अंगावर पूर्ण आच्छादन असावे. त्वचा क्लोरहेक्सिडीनने स्वच्छ करावी. शक्यतो जांघेतील शीर टाळावी. आणि नळीची गरज संपताच ती काढून टाकावी. यांत एखाद्या डॉक्टरला ठाऊक नसलेले काहीच नव्हते. खरी नवलाई पुढे होती. डॉक्टरांकडून एखादी पायरी सुटली, तर त्यांना तेथेच थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला. पेढीवरच्या मुनिमाने शेठजींचा हात धरून ‘ही नोंद आधी करा, मग रक्कम काढा’ असे म्हणावे, तसेच हे. अठरा महिन्यांत या संसर्गाचे प्रमाण दोन तृतीयांशाने घटले आणि निम्म्याहून अधिक विभागांत ते शून्यावर आले.

हे ऐकून कोणालाही वाटेल, की तीच यादी पुण्यात आणून भिंतीवर लावावी आणि काम संपवावे. पुण्यात तसा प्रयत्न झालेलाही आहे, आणि त्याचा निकाल प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. २०१७-१८ या वर्षात पुण्यातील तीन नवजात अतिदक्षता विभागांमध्ये चार हजारांहून अधिक बालकांच्या नोंदी तपासण्यात आल्या. रक्तातील संसर्गात क्लेबसिएला हा जंतू प्रामुख्याने सापडला आणि त्याच्यापुढे अनेक प्रतिजैविके निष्प्रभ ठरत होती. त्यानंतर पुण्यातीलच चार नवजात विभागांत मिशिगनच्याच धर्तीवर कार्यक्रम राबवण्यात आला. १४४ डॉक्टर, परिचारिका व व्यवस्थापक प्रशिक्षित झाले. हातांची स्वच्छता, नळी घालण्याची निर्जंतुक पद्धत आणि शिरेतून द्यायच्या औषधांची तयारी, अशा तीन बाबींवर भर होता. हात स्वच्छ करण्याचे प्रमाण महिन्यामागून महिना वाढत गेले. नळी घातलेल्या शंभरांपैकी ६८ बालकांच्या बाबतीत यादी भरली गेली. व्यवस्थापनाचा पाठिंबा वाढल्याचे कर्मचाऱ्यांनी सांगितले. तथापि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, संसर्गाच्या आणि मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. कामाचा ताण मात्र वाढला.

हा निकाल निराश करणारा वाटेल. किंबहुना तो अधिक विचार करायला लावणारा आहे. यादी वाचायला एक माणूस लागतो आणि यादीप्रमाणे वागायला वेळ लागतो. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना अल्कोहोलयुक्त द्रावणाने हात चोळायला २० ते ३० सेकंद लागतात, साबणाने नीट धुवायला ४० ते ६०. एका पाळीत शंभर वेळा हात स्वच्छ करण्याचा प्रसंग आला, तर द्रावणाचीच पाऊण तासाच्या आसपास वजावट होते. श्वसनयंत्रावरील एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा शास्त्राचा आग्रह आहे. जेथे एकीकडे चार-चार रुग्ण सोपवलेले असतात, तेथे ती पाऊण तास आणणार कोठून? सूचनाफलकाने हात वाढत नाहीत.

आता थोडे कापडाविषयी. श्रोत्यांत कापडाच्या धंद्यातील मंडळी पुष्कळ आहेत, तेव्हा हा भाग त्यांना रुचावा. रुग्णालयात लागणाऱ्या पाच प्रकारच्या वस्तूंवर जंतू किती दिवस जगतात, याची तपासणी अमेरिकेत झाली आणि २००० साली ती प्रसिद्ध झाली. अंगावरच्या कपड्यांचे साधे सुती कापड, टॉवेलचे टर्किश कापड, डॉक्टरांच्या कोटाचे टेरीकॉट, पडद्यांचे शुद्ध पॉलिएस्टर आणि प्लास्टिकचे अॅप्रन अशा त्या वस्तू होत्या. प्रत्येकीवर जंतू किमान एक दिवस जगले आणि काही जंतू तर नव्वद दिवसांहूनही अधिक. सर्वाधिक काळ ते प्लास्टिक व पॉलिएस्टरवर टिकले. म्हणजे जे कापड धुवायला सोपे, लवकर वाळणारे आणि दिसायला नेहमी कोरे, त्यावरच जंतूंचे बिऱ्हाड अधिक दिवस राहते. आयोवा येथील एका रुग्णालयात खाटांभोवती नव्याने लावलेल्या १३ पडद्यांपैकी १२ पडदे एका आठवड्याच्या आत दूषित झाल्याचे आढळले. पडद्याला सर्वांचा हात लागतो. तो धुतला कधी जातो, हे कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये २००७-०८ च्या सुमारास डॉक्टरांना कोपरापासून खाली हात उघडे ठेवण्यास सांगण्यात आले; लांब बाह्यांचे कोट, घड्याळे, अंगठ्या गेल्या. लग्नसराईत दहाही बोटांत अंगठ्या घालून भेटीला जाणाऱ्यांनी याची नोंद घेण्यास हरकत नाही.

भेटीचा विषय निघालाच आहे, तर तो स्पष्ट बोलला पाहिजे. समाजातील असे घर शोधूनही सापडणार नाही, जेथे आजाऱ्याला भेटायला जाणे हे कर्तव्य मानले जात नाही. वैयावच्च हे अभ्यंतर तप आहे आणि त्याचा संस्कार लहानपणापासून होतो. एका कुटुंबातील ज्येष्ठ गृहस्थांना न्यूमोनिया झाला. शहरातील एका रुग्णालयात आठ दिवसांत ते सावरू लागले; श्वसनयंत्र काढण्याची भाषा सुरू झाली. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. रक्ताच्या तपासणीत दुसराच जंतू निघाला. पुढे तीन आठवडे औषधे बदलत गेली, बिलाचे आकडे वाढत गेले आणि अखेर ते गेले. त्या आठ दिवसांत दोन्ही वेळच्या भेटीत मिळून पन्नासएक माणसे आत जाऊन आली होती. प्रत्येकाने पायांना हात लावला होता. कोणी वासक्षेप आणून मस्तकावर घातला होता, कोणी घरचा नॅपकिन उशीखाली ठेवला होता. जंतू कोणाच्या हातून गेला, हे कोणीही सांगू शकत नाही. तो विभागातल्याच हातांनी गेला असण्याचा संभव अधिक. परंतु त्यांच्या धाकट्या मुलाच्या मनातून तो प्रश्न अद्याप गेलेला नाही. मानेतील ती नळी किती दिवसांची आहे, तिची आज गरज आहे का, एवढे डॉक्टरांना विचारावे, हे घरातील एकालाही त्या वेळी सुचले नव्हते.

मांगलिक दाराबाहेरून ऐकवता येते. हल्ली फोनवरूनही ऐकवले जाते, फक्त तो फोन रुग्णाच्या गादीवर ठेवू नये. वासक्षेपाची भुकटी उघड्या नळ्यांच्या जवळ उडू नये. घरी परतल्यावर घेतला, तर श्रद्धेत उणेपणा येत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा विचार करून पाणी गाळणाऱ्या, पुंजणीने जागा पुसून मगच बसणाऱ्या समाजाला अदृश्याची जयणा नव्याने शिकवावी लागू नये. येथे ती रुग्णाच्या बाजूने पाळायची आहे, इतकाच फरक.

नातेवाइकाने एकट्याने जावे. आत जाताना आणि बाहेर येताना हात चोळावेत. खाटेचे डोके ३० ते ४५ अंश वर आहे का, हे पाहावे. श्वसनयंत्रावरील रुग्ण सपाट झोपलेला असेल, तर पोटातील द्रव फुफ्फुसात जाण्याची भीती असते. लघवीची पिशवी कमरेच्या पातळीखाली टांगलेली असावी, पण जमिनीला टेकलेली नसावी. हे पाहायला पदवी लागत नाही. डॉक्टरांना ‘सर्वांत भारी इंजेक्शन द्या’ असा आग्रह मात्र करू नये. आधी रक्त वा थुंकी तपासणीला जाऊ द्यावी, जंतू ओळखू द्यावा. भारी औषध अकारण वापरल्याने तेच बोथट होते आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णालाही त्याचा उपयोग उरत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचा उद्रेक झाला, तेव्हा हे सारे पुन्हा समोर आले. दूषित पाण्याशी त्याचा संबंध जोडला गेला. जिल्ह्यात दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील कित्येकांना श्वसनयंत्राचा आधार घ्यावा लागला. या आजारातून बहुतेकजण बरे होतात, पण स्नायूंना शक्ती परत यायला कित्येक आठवडे लागू शकतात. तेवढे आठवडे नळ्या राहतात. म्हणजे मूळ आजार हळूहळू मागे हटत असताना दुसऱ्या आजाराला दार उघडे असते. तरुण, धडधाकट माणसांच्या घरी त्या दिवसांत रोजचा प्रश्न ‘आज यंत्र किती टक्क्यांवर?’ असा असे. ‘आज कोणती नळी निघाली?’ हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दानाचा विषय टाळता येणार नाही. रुग्णालयांना दान देण्याची या समाजाची परंपरा मोठी आहे. खाट, श्वसनयंत्र, लिफ्ट, संगमरवरी फरशी यांवर देणगीदारांची नावे दिसतात. हात धुण्याच्या बेसिनवर नाव कोरलेले क्वचितच दिसते. आणि परिचारिकेच्या पगारावर तर कोरताच येत नाही. परंतु हिशेब मांडला, तर जास्त प्राण कोठे वाचतात हे उघड आहे. दर दोन खाटांमागे द्रावणाची बाटली, रात्रीच्या पाळीला एक जादा परिचारिका, जंतुतपासणीच्या प्रयोगशाळेला साहाय्य आणि संसर्गाची रोजची नोंद ठेवणारा एक माणूस, एवढ्या चार बाबी दात्यांनी उचलाव्यात. सार्वजनिक न्यासांच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी राखीव असतात. त्यांतील एकाचा मुक्काम दुसऱ्या आजाराने वीस दिवस लांबला, तर बाहेर थांबलेल्या एखाद्या गरिबाची खाट तितके दिवस अडते.

रुग्णालयाला देणगी देताना दात्याने एक प्रश्न जरूर विचारावा, की मागील तिमाहीत हजार लाइन-दिवसांमागे किती संसर्ग झाले. ज्यांच्याकडे आकडा आहे, मग तो मोठा का असेना, त्यांना आधी द्यावे. ‘आमच्याकडे असे काही होतच नाही’ असे उत्तर आले, तर वही ठेवली जात नाही, असे खुशाल समजावे.

आणि कापडच द्यायचे असेल, तर बिहारमधील सरकारी रुग्णालयांतील एक पद्धत अनुकरणीय आहे. तेथे आठवड्याच्या सात दिवसांसाठी खाटेच्या चादरीचे सात रंग ठरवून दिलेले आहेत. आज चादर बदलली की नाही, हे अक्षरओळख नसलेल्या नातेवाइकालाही दारातून दिसते. अतिदक्षता विभागात डाग पडताच चादर बदलावी लागते, म्हणून प्रत्येक रंगाच्या खाटेमागे तीन चादरी धराव्यात. दहा खाटांना २१० होतात. कापड सुती घ्यावे. रुग्णालयाची धुलाई ७१ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटे व्हावी असा दंडक आहे, तेव्हा रंग पक्का आहे की नाही हे एक चादर त्या पाण्यात धुऊन पाहूनच मालाची ऑर्डर द्यावी.